युनियनच्या दारात गेले तर व्हिसा जाईल का?

पत्र:
ताई नमस्कार, मी सांगलीची. बी.ई. कॉम्प्युटर करून सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये एमएस्सी करतेय, एका वर्षाचा कोर्स आहे. कॉलेजला एनएसएसमध्ये होते त्यामुळे इथे आल्यावर स्टुडंट्स युनियनच्या वॉलंटियरिंगला नाव द्यावं असं वाटत होतं, पण बाबा म्हणाले युनियनबिनियनच्या भानगडीत पडू नकोस, कर्ज काढून पाठवलंय, व्हिसा गेला तर काय करणार. फ्लॅटमधल्या मुली म्हणतात युनियन म्हणजे नुसता बार आहे. मी आठवड्याला २० तास वेअरहाऊसमध्ये काम करते, मग शनिवारी चॅरिटी शॉपमध्ये फुकट काम केलं तर ते पण २० तासांत धरतात का? दिवस दिवस कोणाशी बोलणं होत नाही, घरी फोनवर सगळं मस्त चाललंय सांगते. आणि अजून एक, एका मैत्रिणीला माझी असाइनमेंट नुसती बघायला पाठवली होती त्यावरून डिपार्टमेंटचा मेल आलाय, पुढच्या आठवड्यात मीटिंगला बोलवलंय. त्याचं काय ते बघेन मी.

उत्तर:
बघेन मी म्हणे! अगं पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता शेवटी चिकटवलीस. म्हणून मी उलटीकडून सुरू करते, बाबा आणि बार नंतर.

त्या मेलमध्ये 'कोल्युजन' (एकटीने करायचं काम दोघींनी मिळून करणं) असा शब्द असणार, नसला तर 'ॲकॅडमिक मिसकंडक्ट' (अभ्यासातला गैरप्रकार) तरी असेलच. आपल्याकडे कसं, सबमिशनच्या आदल्या रात्री एकच फाइल अख्ख्या हॉस्टेलवर फिरते, कोणी मार्जिन आखत असतं, कोणी आकृत्या उतरवत असतं, सकाळी सर सगळ्यांच्या फाइलींवर त्याच पेनाने सह्या करतात आणि कोणाला त्यात काही वाटत नाही, उलट जी फाइल देत नाही तिला शिष्ट म्हणतात. इथे देणारी आणि घेणारी दोघींनाही बोलवतात. तू "नुसती बघायला" दिलीस हे मला पटतंय, पण पॅनेलसमोर ते दाखवावं लागतं, नुसतं सांगून भागत नाही.

तर आज, म्हणजे हे वाचून झालं की लगेच, युनियनच्या ॲडव्हाइस सेंटरला मेल टाक. फार काही लिहायचं नाही: मी अमुक कोर्सची, मला या तारखेला मिसकंडक्टच्या मीटिंगला बोलवलंय, पत्र सोबत जोडलंय, त्याआधी अपॉइंटमेंट मिळेल का. बास. सब्जेक्ट लाइनमध्ये मीटिंगची तारीख टाक, म्हणजे उघडणाऱ्याला अर्जंट आहे ते कळतं. मी काही वर्षं इथल्या एका युनियनच्या अशाच डेस्कला होते. आपली मुलं यायची ती बहुतेक वेळा मीटिंग होऊन गेल्यावर, निकालाचं पत्र हातात घेऊन यायची, आणि तेव्हा करण्यासारखं फारच थोडं उरलेलं असतं. आधी विचारलं का नाहीस म्हटलं की उत्तर ठरलेलं, ग्रुपवर विचारलं होतं ना, ते म्हणाले काही नाही होत, सॉरी म्हणून टाक.

ते सॉरी म्हणून टाकणं आता तू करू नकोस. घाबरून रात्री दीड वाजता डिपार्टमेंटला लांबलचक माफीनामा पाठवायचा, त्यात जे केलं नाही ते पण कबूल करायचं, हे मी इतक्यांदा बघितलंय की विचारू नकोस. त्या मैत्रिणीबरोबर बसून काय सांगायचं ते जुळवू पण नका, ते तर आगीत तेल. तू काय कर, असाइनमेंटचे जुने ड्राफ्ट शोध, फाइलची व्हर्जन हिस्टरी असेल तर तिचे स्क्रीनशॉट काढ, तू कधी लिहिलंस आणि तिला व्हॉट्सॲपवर कधी पाठवलंस त्या वेळा दिसतील असे मेसेज ठेव, डिलीट तर अजिबात नको. युनिव्हर्सिटीची पॉलिसी वेबसाइटवर असते, कंटाळवाणी आहे पण पहिला गुन्हा असेल तर काय काय शिक्षा होऊ शकते ती यादी तरी वाच, बहुतेक ठिकाणी ती वॉर्निंगपासून मार्क कापण्यापर्यंत आणि असाइनमेंट परत करायला लावण्यापर्यंत असते, लगेच कोणी बॅग भरायला लावत नाही. व्हिसाचा प्रश्न येतो तो कोर्समधूनच काढलं तर, कारण मग तुझ्या व्हिसासाठी दिलेली स्पॉन्सरशिप युनिव्हर्सिटी काढून घेते. तिथपर्यंत गोष्ट जाऊ नये म्हणूनच तर आधी ॲडव्हायझरला भेटायचं.

आणि हा ॲडव्हायझर डिपार्टमेंटचा माणूस नसतो हे नीट समजून घे. युनियन ही युनिव्हर्सिटीपासून वेगळी संस्था असते, बहुतेक ठिकाणी कायद्याने चॅरिटी, पैसा मोठ्या प्रमाणात युनिव्हर्सिटीच्या ग्रँटमधून येतो ते खरं, पण तू डेस्कवर जे बोलतेस ते तुझ्या प्रोफेसरच्या कानावर जात नाही. कितीतरी युनिव्हर्सिट्यांमध्ये तो तुझ्याबरोबर मीटिंगला येऊन बसू पण शकतो, तुझ्याकडे कसं आहे ते मेलमध्येच विचारून घे. मैत्रीण पण त्याच डेस्कवर गेली तर तुम्हा दोघींना वेगवेगळे ॲडव्हायझर देतील कारण तुमचं हित एकच असेल असं नाही, तेव्हा आपल्याला का वेगळं केलं म्हणून रुसून बसू नका. निकाल अन्यायाचा वाटला तर युनिव्हर्सिटीतच अपील असतं, त्याची मुदत फार थोडी असते, आणि तिथलं सगळं संपल्यावर इंग्लंड आणि वेल्ससाठी ओआयए म्हणून एक स्वतंत्र तक्रार निवारण करणारी संस्था आहे, विद्यार्थ्याला एक पैसा पडत नाही, युनिव्हर्सिटीकडून शेवटचं पत्र मिळाल्यापासून १२ महिन्यांत जाता येतं. तुला तिथपर्यंत जावं लागेल असं मला वाटत नाही, पण ती खिडकी आहे हे माहीत असावं.

आता बाबा. त्यांच्या डोक्यात कॉलेजच्या निवडणुका असणार, टमटमवर भोंगे, सीआर (वर्ग प्रतिनिधी) पळवून नेणं, गेटवर हाणामारी, हॉकी स्टिक. ते काही त्यांनी मनाने रचलेलं नाहीये, महाराष्ट्रात या मारामाऱ्या खुनापर्यंत गेल्या म्हणूनच नव्वदच्या दशकात थेट निवडणुका बंद झाल्या, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची परत तरतूद झाली पण तोवर एक अख्खी पिढी त्यांच्याशिवाय शिकून बाहेर पडली होती. त्यामुळे त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना एवढंच सांग की इथे ॲडमिशन झाली की तू आपोआप युनियनची मेंबर झालेली असतेस, वेगळी फी नाही, कुठे सही पण केलेली नसते. १९९४ च्या एज्युकेशन ॲक्टमध्ये तर चक्क लिहिलंय की विद्यार्थ्याला मेंबर नको असेल तर तसं कळवता येतं, आणि बाहेर पडलं म्हणून त्याला सोयीसुविधांमध्ये मागे ठेवता येत नाही. म्हणजे तू सप्टेंबरपासून युनियनमध्येच आहेस बाई, बाबांना कळलं नाही इतकंच! व्हिसा युनियनमुळे जात नाही, तो कामाच्या तासांमुळे आणि लेक्चरला न गेल्यामुळे जातो.

राजकारण अजिबात नसतं असं मी म्हणणार नाही. मोर्चे निघतात, ठराव होतात, भाडेवाढीवर, गाझावर, लेक्चरर्सच्या संपावर, आणि कधीकधी चाळीस लोकांच्या मीटिंगमध्ये दोन तास एका स्वल्पविरामावर भांडणं होतात (मला त्या मीटिंगांचा मनापासून कंटाळा आहे). पण त्यात जायची सक्ती कोणाची नाही. आणि ऑक्सफर्ड युनियन, केंब्रिज युनियन म्हणून जे आपल्याकडे पेपरात येतं, अमुक नेत्याने तिथे भाषण ठोकलं वगैरे, ते डिबेटिंग क्लब आहेत, तुझ्या या युनियनशी त्यांचा संबंध नाही.

बारचं म्हणशील तर फ्लॅटमधल्या मुली खोटं बोलत नाहीयेत, बार असतोच आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्यातून युनियनला पैसेही मिळतात. पण त्याच बिल्डिंगमध्ये जिना चढून वर गेलीस की ॲडव्हाइस सेंटर असतं, वॉलंटियरिंगवाल्यांची खोली असते, सोसायट्यांचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आवडीनिवडीच्या क्लबांचे, लॉकर असतात ज्यात कोणाचे तंबू, कोणाचे तबले, कोणाच्या तलवारी (नाटकाच्या) कोंबलेल्या असतात, आणि कुठेतरी एक मायक्रोवेव्ह असतो जिथे आपली मुलं डबा गरम करायला रांग लावतात. तिथे डबा घेऊन जा एकदा. मी गंमत करत नाहीये, रूमवर एकटीने लॅपटॉपसमोर जेवण्यापेक्षा त्या रांगेत पाच मिनिटं उभं राहिलेलं बरं.

आता तास. हे मात्र काळजीपूर्वक वाच. डिग्री लेव्हलच्या स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तास, आणि आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार, सरासरी नाही. या आठवड्यात १२ केले म्हणून पुढच्या आठवड्यात २८ असं चालत नाही, मॅनेजर गोड बोलून आग्रह करेल तरी. दुसरं, एमएस्सीवाल्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते, डिझर्टेशन चालू असतं म्हणजे टर्मच, त्यामुळे जून-जुलैमध्ये बीएस्सीची मुलं फुल टाइम करताना दिसली तरी तू २० च्या पुढे जायचं नाहीस. यात दरवर्षी कोणीतरी फसतंच. आणि कोणी म्हणालं माझ्या अकाउंटवर फूड डिलिव्हरी कर, अर्धे अर्धे वाटून घेऊ, तर हात जोड आणि निघून ये, ते सेल्फ-एम्प्लॉयमेंटमध्ये येतं, स्टुडंट व्हिसावर मुळात चालतच नाही, त्यात दुसऱ्याचं अकाउंट म्हणजे कल्याणच.

फुकट कामाचं गणित असं आहे की होम ऑफिस, म्हणजे व्हिसा बघणारं सरकारी खातं, दोन प्रकार धरतं. एकात पगार नसला तरी बाकी सगळं नोकरीसारखं, म्हणजे करार, ठरलेली ड्यूटी, आलंच पाहिजेस असं बंधन, ते २० तासांत धरतात. दुसरं खरंखुरं वॉलंटियरिंग, चॅरिटी किंवा सार्वजनिक संस्थेला मदत, करार नाही, पगारी माणसाच्या जागी तुला उभं केलेलं नाही, जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवणाचा खर्च सोडला तर काही मिळत नाही, ते २० तासांच्या बाहेर. चॅरिटी शॉप बहुतेक दुसऱ्यात बसेल, पण बहुतेक या शब्दावर तू व्हिसा पणाला लावू नकोस. दुकानाकडून तुझी भूमिका काय आहे ते लेखी घे आणि युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला तो कागद दाखव. तिथेच का, तर या देशात इमिग्रेशनचा सल्ला द्यायला अधिकृत असावं लागतं, ज्याला अधिकार नाही त्याने दिला तर तो गुन्हा आहे, म्हणून युनियनच्या डेस्कवरची मुलगी सुद्धा कदाचित हसून तुला तिकडेच पाठवेल. मी पण तुला नियम काय आहे तेवढं सांगतेय, तुझ्या केसचा निवाडा ते देतील. फ्लॅटवरच्या सीनियरचा निवाडा मात्र चहाबरोबर संपवून टाक.

पण खरं सांगू का, २० तास वेअरहाऊस, त्यावर एमएस्सी, आणि शनिवारी परत दुकानात उभं राहणार? एनएसएसची सवय आहे तुला, वर्षाला १२० तास भरायचे, सात दिवसांचा कॅम्प, गावात गटारं साफ करायची, शाळेच्या भिंती रंगवायच्या आणि रात्री ओसरीवर गाण्याच्या भेंड्या. त्यात मजा होती ती गटारात नव्हती, सगळ्यांबरोबर होती. चॅरिटी शॉपच्या मागच्या खोलीत एकटीने कपड्यांवर वाफेची इस्त्री फिरवत तीन तास उभं राहिलीस तर पुण्य लागेल पण बोलणं कोणाशी होणार नाही, आणि तुझी तक्रार तर ती आहे. म्हणून मी म्हणेन युनियनच्या वॉलंटियरिंग टीमकडे एक दिवसाच्या कामांची यादी मागून घे, बहुतेक युनियन ठेवतात, एखाद्या दुपारी फूड बँकेत डबे आणि पाकिटं तारखेप्रमाणे लावायची, एखाद्या रविवारी नदीकाठचा कचरा उचलायचा, परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्लिश गप्पांच्या गटात मदत करायची. आवडलं तर परत, नाही आवडलं तर नाही. लहान मुलांच्या शाळेत वगैरे जायचं असेल तर डीबीएस चेक (गुन्ह्यांची नोंद आहे का ते बघणारी तपासणी) लागतो, वॉलंटियरला तो फुकट असतो पण त्याला आठवडे जाऊ शकतात आणि काही संस्था भारतातून पोलिसांचं सर्टिफिकेट पण मागतात, त्यामुळे एका वर्षाच्या कोर्सवालीने ते करायचंच असेल तर आत्ताच सुरू करायचं, मार्चमध्ये नाही.

कोणी तुला नाइटलाइनबद्दल सांगेल. रात्रभर फोनवर विद्यार्थीच विद्यार्थ्यांचं ऐकून घेतात, सल्ला देत नाहीत, नाव विचारत नाहीत, १९७० मध्ये एसेक्स युनिव्हर्सिटीत पहिली सुरू झाली. वॉलंटियर म्हणून ते नंतर कधीतरी बघ. आत्ता मी तो नंबर तुला फोन करायला सुचवतेय. तुझ्या युनिव्हर्सिटीला असेल तर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेव, कारण घरी सगळं मस्त चाललंय असं जी रोज सांगते तिला रात्री अकरानंतर कोणीतरी लागतं. आणि हे वाढत गेलं, झोप लागेना, खावंसं वाटेना, तर जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जा, व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरलायस ना, तो त्यासाठीच आहे. जीपीकडे नाव नोंदवलं नसशील तर तेही याच आठवड्यात.

सोसायटीचं थोडक्यात. इंडियन सोसायटी असेलच, दिवाळीचा कार्यक्रम झाला असेल, मराठी मुलांचा वेगळा ग्रुप पण काही ठिकाणी असतो, जाऊन ये. लंडनला कधी गेलीस तर महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासून चालू आहे, तिथे गणपतीत नुसती गर्दी. पण एक सोसायटी अशी घे जिच्यात आपलं कोणीच नाही. हायकिंग घे, सांगलीची पोरगी आहेस, इकडचे डोंगर आपल्या सह्याद्रीपुढे टेकड्याच, ऐटीत चढशील. मेंबरशिप बहुतेक ठिकाणी थोड्या पाऊंडांची असते आणि आधी एकदा फुकट येऊ देतात का ते विचार. सप्टेंबरचा मेळा चुकला असला तर जानेवारीत रिफ्रेशर्स म्हणून परत छोटा मेळा लागतो, बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत. पिणं आवडत नसेल तर नाही म्हण, कोणी कारण विचारत नाही, विचारलंच तर तो माणूस सोडून दे.

पैशाचं तू काही लिहिलं नाहीस पण २० तास वेअरहाऊस करणाऱ्या मुलीला न विचारताच सांगते. युनिव्हर्सिटीचा हार्डशिप फंड असतो, काही युनियनमध्ये पॅन्ट्री किंवा फुकट नाश्ता असतो. आपल्याला वाटतं हात कसा पसरायचा, बाबांना कळलं तर काय वाटेल. व्हिसावर "नो पब्लिक फंड्स" लिहिलेलं असतं त्यालाही मुलं घाबरतात, पण युनिव्हर्सिटीचा फंड आणि फूड बँक पब्लिक फंड्समध्ये येत नाहीत. इंटरनॅशनल विद्यार्थ्यांना कुठला फंड लागू होतो ते ॲडव्हाइसवाले सांगतील, त्यांना हे रोजचं असतं, तुझ्याकडे बघून कोणी चुकचुकणार नाही. आणि पुढे घर बदलायचं झालं तर सही करायच्या आधी करार त्याच डेस्कवर वाचून घे. इंग्लंडमध्ये साधारणपणे डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ३० दिवसांत ते सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावं लागतं. चौघींनी मिळून एकाच करारावर सही केली असेल तर एक पळून गेली की तिचं भाडं उरलेल्या तिघींच्या गळ्यात पडू शकतं, हे आपल्या मुलींना नेहमी नंतर कळतं.

राहता राहिली एक गोष्ट, ती तू विचारली नाहीस, पण एनएसएसवाली आहेस म्हणून सांगते. कोर्स रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे वर्गाची प्रतिनिधी, व्हायला बघ. वर्गातून एक-दोन जण असतात, वर्षातून थोड्याच मीटिंगा, असाइनमेंटची तारीख आणि परीक्षेची तारीख एकाच आठवड्यात आल्या की हेच लोक जाऊन सांगतात. खूप ठिकाणी एमएस्सीच्या वर्गात कोणी उभंच राहत नाही, जागा नोव्हेंबरपर्यंत रिकामी असते, विचारून बघ. मिसकंडक्टची मीटिंग होऊन जाऊ दे मात्र, आधी नको. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या निवडणुका येतात, कॉरिडॉरमध्ये पुठ्ठ्याचे मुकुट घालून उमेदवार चॉकलेट वाटत फिरतात, आणि मतपत्रिकेवर सगळ्यांच्या शेवटी एक आर.ओ.एन. नावाचा उमेदवार असतो, रॉन म्हणतात त्याला. तो माणूस नाहीये, यातलं कोणीच नको, अर्ज परत मागवा, असा त्याचा अर्थ, आपल्या नोटासारखंच पण रॉन जिंकला तर खरंच अर्ज परत मागवतात. जिंकलेले उमेदवार वर्षभर पगारी काम करतात, आणि स्टुडंट व्हिसावरच्यांनाही ते फुल टाइम करता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. बाबांना हे आत्ता सांगू नकोस.

मेल टाकलास का ते कळव. मीटिंगच्या दिवशी ॲडव्हायझरला मूळ पत्राची प्रिंट लागेल, ती लायब्ररीत काढून ठेव.